सात कोकरं, एकशे दोन ताप

मागच्या महिन्यात आमच्या गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. शिबिर भरवणाऱ्या मंडळींनी मला पुढं बोलावलं, शाल दिली, नारळ दिला आणि माईकवरून सांगितलं, की बायकोच्या आजारपणात नवऱ्यानं कसं वागावं ते ह्या आप्पांकडून शिका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. नंतर ते म्हणाले, तुमचा अनुभव लिहून द्या, आम्ही छापून वाटू. ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना आधार होईल.

मी लिहिलं. चार पानं झाली. ती फाडली. हे दुसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या पानांत एक खोटी गोष्ट होती आणि ती मी वर्षभर खरी म्हणून सांगत आलो होतो.

माझं वय त्र्याहत्तर. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होतो. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, औषध पाजायचं, आणि कुठल्या जनावराला काय दिलं ते वहीत लिहायचं. आम्ही धनगर. धाकटा भाऊ मेंढरं राखायचा, तो वारला. आता त्याचा मुलगा धोंडिबा राखतो. अणदूरच्या पुढं हायवे सोडून आत आलं की आमचं गाव. माझं घर आणि भावाचं घर एकाच आवारात आहे, मधल्या जागेत दोरीची जाळी लावून मेंढरं बसवतो. ह्या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. मुलगा विजू पुण्याला असतो.

आमच्याकडं माझ्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. मी तिला विजूची आई म्हणतो. इथंही तसंच लिहितो.

गाठ

पोळ्याच्या सुमारास ती छातीवर हात ठेवून मला म्हणाली, "आवं, हितं कायतरी कडक लागतंय. दुखत न्हाय."

मी विचारलं, गरम लागतंय का? लाल झालंय का? ती म्हणाली, न्हाय.

आयुष्यभर मी मेंढ्यांच्या आणि म्हशींच्या सुजलेल्या कासा बघितल्या होत्या. सूज म्हणजे गरम, लाल, हात लावला की जनावर लाथ मारणार. जे दुखत नाही ते धोक्याचं नाही, हे माझं एकतीस वर्षांचं ज्ञान. मी तिला हळद गरम करून लावायला सांगितलं. ती लावत राहिली. दिवाळीपर्यंत लावत राहिली. फराळाच्या दिवशी विजूच्या बायकोनं तिच्या झंपरावर हळदीचा डाग बघितला, काय ते विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात होतो.

म्हणजे दोन महिने मी घालवले. हे लिहिताना लाज वाटते, पण ही लाज मी सहन करू शकतो. हे अज्ञान होतं. पुढचं अज्ञान नव्हतं.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सावकाश सांगितलं. छातीचा कॅन्सर आहे. आधी ऑपरेशन, मग दर तीन आठवड्यांनी केमो, असं सहा वेळा. विजूची आई सगळं ऐकून म्हणाली, "बाई, आज आमास्नी जाऊ द्या. पाचच्या आत घरला जावं लागतंय. कोकरं पाजायची हायती."

डॉक्टरीणबाईंना कळेना. कोकरं पाजणं म्हणजे काय, ते इथं सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्याभोवतीच घडलं. मेंढरं सकाळी चरायला जातात, लहान कोकरं घरी राहतात. संध्याकाळी मेंढरं आली की वाघरीत एकच कल्ला उठतो. पन्नास-पंचावन्न मेंढ्या, जवळपास तेवढीच कोकरं, सगळी ओरडणार, सगळी धावणार. प्रत्येक कोकरू त्याच्या आईखाली लावायचं. चुकीच्या मेंढीखाली गेलं की ती लाथ मारते आणि कोकरू उपाशी राहतं. हे काम विजूची आई आणि तिची जाऊ करायच्या. जावेला चारदा बघावं लागायचं. विजूची आई कोकरू उचलायची आणि मान वर न करता सांगायची, "ह्ये कानफाटीचं. ह्ये काळतोंडीचं. ह्ये त्या लबाड भोरीचं, हिला धर गं, ही पळती." चाळीस वर्षांत तिचं चुकलेलं मी बघितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. नळदुर्ग आलं तेव्हा मी रडायला लागलो. ती म्हणाली, "गप बसा की. आपला अणदूरचा खंडोबा बी वर्सातनं काही म्हयने हितं येऊन र्‍हातोय. मुक्काम हालला म्हनून त्याचं द्येवपन जातंय व्हय? म्या बी चार दिस दवाखान्यात र्‍हाईन."

लोकर

ऑपरेशन झालं. पौषात केमो सुरू झाला. पहाटेची गाडी, दवाखान्यातली रांग, रक्त तपासणी, मग सलाईन लावून चार-पाच तास. मी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायचो. दुसऱ्या वेळेपासून तिला शेजारच्या खाटेवर एक बाई भेटायची, अक्कलकोटकडची, लई बोलकी. मी पाणी द्यायला आत गेलो की दोघींचं हसणं थांबायचं. एकदा नाही थांबलं.

ती बाई सांगत होती, "काय सांगू अक्का, चार दिस मला नवऱ्याचं नावच आठवंना."

विजूची आई म्हणाली, "त्ये बरं झालं की! आमास्नी त्ये घ्यायचंच नस्तंय. इसरलं तरी कुनाला कळतंय!"

पण घरी आल्यावर ती हसत नव्हती. दूध ठेवायची आणि उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहायची. भाजीत मीठ दोनदा. पातेलं मागायचं तर तोंडात शब्द यायचा नाही, नुसता हात गोल फिरवायची. एक दिवस चुलीपुढं बसून म्हणाली, "डोस्क्यात लोकर भरल्यागत झालंय. कातरलेली, न धुतलेली. कुठं बोट घालावं आन् कुठनं धागा काढावा, कळंना झालंय."

ह्याबद्दल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या घाईत होत्या, तरी थांबल्या. त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. आजारानं आणि औषधानं शरीरात आतल्या आत एक सूज राहते. ती हाताला लागत नाही, गरम नसते, लाल नसते. तिचा परिणाम डोक्यापर्यंत पोचत असावा, असं आता जाणकारांना वाटतं. म्हणून विसरायला होतं, शब्द सापडत नाहीत, दोन कामं एकदम जमत नाहीत. सगळ्यांना होत नाही. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, काहींना वेळ लागतो. हे वेड नाही, आळस नाही. "आणि आजोबा," त्या म्हणाल्या, "चुकलं की टोकू नका. तिचा स्वतःवरचा भरवसा टिकला पाहिजे. तो तुमच्या हातात आहे."

मी मान हलवली. घरी येऊन वही केली. जुन्या सवयीनं रकाने आखले: तारीख, गोळ्या, ताप, जेवण, काय विसरली. शेवटचा रकाना कुणी सांगितला नव्हता. तो माझा.

म्हणजे मला सगळं सांगितलेलं होतं. हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

बादली

माघाचे दिवस. तिसरा केमो होऊन आठवडा झाला होता. ती आत अंथरुणावर पडून होती. धोंडिबा मेंढरं घेऊन गेला होता. कोकरं वाघरीत होती, महिन्या-दीड महिन्याची, जे दिसेल त्यात तोंड घालायच्या वयाची. वाघरीच्या खुंटांना गोचिडं झाली होती म्हणून मी औषध कालवलं. माझ्या नोकरीच्या दिवसांपासून ठेवलेलं जुनं औषध, फार कडक. बादली वाघरीच्या आत चिंचेखाली ठेवली आणि फवाऱ्याचा पंप आणायला घरात गेलो.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या गावात एक गाय अडली होती. डॉक्टर बाहेरगावी होते. "आप्पा, तुम्हीच या," असं तो माणूस म्हणाला. रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेल्या माणसाला कुणी 'तुम्हीच या' म्हटलं की काय होतं ते सांगायला नको. मी गाडीला किक मारली आणि गेलो.

गाय सुटली. वासरू जगलं. त्यांनी चहा पाजला, मी आणखी थोडा वेळ बसलो, जुन्या गोष्टी सांगितल्या. एकच्या सुमारास परत आलो तर भावजय वाघरीत बसली होती आणि तिच्या मांडीवर एक कोकरू पाय झाडत होतं. तोंडाला फेस. आजूबाजूला आणखी बारा-तेरा, काही थरथरत होती, काही आधीच गेलेली. बादली आडवी पडलेली.

माझ्याकडं उताऱ्याचं इंजेक्शन होतं. पळत जाऊन आणलं, एकेकाला टोचलं. सहा वाचली. सात गेली. ही कोकरं माझ्या भावाच्या विधवेची होती, माझी नव्हती.

भावजय माझ्याशी कधी समोरासमोर बोलत नाही. मी मोठा दीर. आमच्यात पदर पुढं ओढून बाजूला बघून बोलायची रीत आहे. ती मेलेल्या कोकराकडं बघत म्हणाली, "कुनी ठिवली रं बादली तुमच्या म्होरं? कोन वैरी तुमचा?"

शेजारचे चार लोक जमले होते. सगळे माझ्याकडं बघत होते. मी जनावरांच्या दवाखान्यातला माणूस. गावात कुणाचं शेरडू आजारी पडलं तर माझ्याकडं येतात. मी बादली वाघरीत ठेवून निघून गेलो, हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. मी बायकोचं नाव घेतलं. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, त्यात चारचौघांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं, आणि म्हणालो, "तिला सांगून गेलो होतो बादली उचल म्हणून. विसरली."

ती दारात येऊन उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेला, हात चौकटीला. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल की मला काही सांगितलं नाही. ती बराच वेळ आठवत राहिली. आत शोधत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं आसंल. माझ्या डोस्क्यात र्‍हायलं न्हाय."

आणि खाली बसली.

त्या दिवशी वहीत मी लिहिलं: 'बादली उचलायची विसरली. सात कोकरं.' शेवटच्या रकान्यात. अक्षर चांगलं आहे. आज बघितलं तरी कुठं हललेलं नाही.

ओटा

दुसऱ्या दिवसापासून जावेनं तिला वाघरीत येऊ दिलं नाही. "अक्का, तुमी बसा. तुमचं डोस्कं शिनंल." बोलायला गोड, पण धार होती. कधी मेंढीला म्हणायची, "हाल गं बाई तितनं, न्हायतर कोन कुनाला काय पाजंल, सांगता येत न्हाय." संध्याकाळी मेंढरं आली की विजूची आई ओट्यावर बसायची, हात मांडीत. कोकरं ओरडायची. तिची बोटं हलायची.

ती मला प्रत्येक गोष्ट विचारायला लागली. "आवं, म्या जेवले का?" "गोळी घेतली न्हवं म्या?" "ह्ये मीठच हाय न्हवं?" आधी ती विसरायची खरी, पण तिला माहीत असायचं की आपण विसरतोय. आता जे विसरली नव्हती तेही ती मला विचारून खात्री करून घ्यायची.

मला त्याचं वाईट वाटायचं. आणि, आता लिहायचंच ठरवलंय तर हेही लिहितो, थोडं बरंही वाटायचं. सगळं घर माझ्या वहीवर चालत होतं. लोक म्हणायचे, आप्पा किती करतात! विजू फोनवर म्हणायचा, आप्पा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही. महिना झाला की वही मी डॉक्टरीणबाईंना दाखवायचो. त्यांनी बादलीची नोंद वाचली, भुवया वर केल्या आणि तिच्या फाइलीत काहीतरी लिहून घेतलं. माझं खोटं दवाखान्याच्या कागदावर गेलं. मी बघत बसलो.

एकशे दोन

चौथ्या केमोनंतर दहाव्या दिवशी. आम्हाला पहिल्यापासून बजावलं होतं की ताप शंभराच्या वर गेला तर वाट बघायची नाही, लगेच निघायचं. सकाळ-संध्याकाळ मोजायचा. आकडे दिसणारं थर्मामीटर होतं, ती स्वतः लावायची. चौथी शिकलेली आहे, आकडे वाचते.

त्या सकाळी मी विचारलं, "ताप?"

ती म्हणाली, "न्हाय."

मी वहीत लिहिलं: 'नाही.'

दुपारी उन्हाचा कडाका असताना ती घोंगडं पांघरून बसलेली दिसली. दात वाजत होते. हात लावला तर चटका. धोंडिबानं कुणाची तरी जीप आणली. सोलापूरपर्यंत ती माझ्या खांद्यावर होती आणि एकसारखं एकच म्हणत होती, "मेंढरं आली का? मेंढरं आली का?"

रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या, त्यात संसर्ग. तीन दिवस ती जाते की राहते असं चाललं होतं. त्या तीन दिवसांत मी देवाला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. एक नर्सबाई होती, उमरग्याकडची. ती दर वेळी येता-जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं जायची. तिचे उपकार मी विसरणार नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला.

डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "आजी, सकाळी ताप मोजला नव्हता का?"

"मोजला हुता की."

"किती होता?"

"एकशे दोन दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ती त्या बाईंना म्हणाली, "माझं काय खरं हाय, बाई? म्हनलं, आकडा बी उलटाच वाचला आसंल. माझ्या डोस्क्यापायी आधीच सात जीव गेलेत. येड्यागत ह्यांना उगंच सोलापूरला कशाला पळवावं? म्हनून पुसलं आन् डबीत घातलं."

ताप तिनं बरोबर वाचला होता. तिला तिचाच डोळा खरा वाटला नाही, कारण मी तो खोटा पाडला होता. हे मला त्याच क्षणी समजलं, पूर्ण समजलं. तरी मी बोललो नाही. म्हणालो, "आता कशाला ते? बरी झालीस ना." आणि तिला पाणी पाजलं. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, नशीबवान हाय, आसा मानूस भेटला.

चार पानं

उपचार संपले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. विसरणंही पुष्कळ कमी झालं, सगळं गेलं नाही. अजून एखादा शब्द अडतो, दुपारनंतर थकली की जास्त. पण ओट्यावरची जागा तिनं सोडली नाही. ह्या वर्षीची कोकरं झाली तरी वाघरीत पाय टाकला नाही. "नगं बाई, आनखी पाप नगं."

मग ते शिबिर, ती शाल आणि ती चार पानं. लिहून झाल्यावर एका सकाळी मी तिला वाचून दाखवायला बसलो. ती तांदूळ निवडत होती. गाठ, रिपोर्ट, लोकर. लोकरीपाशी ती हसली, म्हणाली, "बरं ध्यानात ठिवलं तुमी." मग बादलीची गोष्ट आली. ती मी 'विस्मरणामुळं काय होऊ शकतं' ह्याचं उदाहरण म्हणून लिहिली होती. छान लिहिली होती.

तिचा हात थांबला. सुपाकडं बघत ती म्हणाली, "व्हय. लिव्हा. सात कोकरं मारली म्या. दुसऱ्या बाया तरी सावध र्‍हातील."

मला पुढं वाचता आलं नाही. पान खाली ठेवलं. मी म्हणालो, "तू नाही मारली."

"आँ?"

"मी तुला काहीच सांगून गेलो नव्हतो. तू झोपली होतीस. बादली मीच ठेवली आणि मीच विसरलो."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल. ती एकेक गोष्ट विचारत गेली, जणू हरवलेली जनावरं शोधतेय.

"बादली कुठं हुती?"

"चिंचेखाली. वाघरीत."

"म्या कुठं हुते?"

"आत. अंथरुणावर."

"तुमी आत आला हुता?"

"पंपासाठी आलो होतो. तुझ्याशी बोललो नाही."

"म्हंजी म्या इसरले न्हवते."

"नाही."

"सांगितलंच न्हवतं तर इसरनार कसं," ती स्वतःशीच म्हणाली. मग एकदम माझ्याकडं बघितलं. "आन् त्यो ताप? त्यो बी खराच हुता? एकशे दोन?"

"खराच होता."

तिनं सूप उचललं आणि उरलेले तांदूळ निवडले. सगळे. एकही खडा सोडला नाही. मग उठून आत गेली आणि तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची, उचलायची. चौथ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मला सांगून काय उपेग? कोकरं जावंची हुती. तिला सांगा. तिच्या तोंडावर."

वाघर

त्या संध्याकाळी मेंढरं आली तेव्हा मी वाघरीपाशी गेलो. भावजय कोकरं सोडत होती, धोंडिबा मेंढ्या धरत होता. मी सांगितलं. लांबण लावली नाही. बादली मी ठेवली, हिला सांगितलं नव्हतं, खोटं बोललो.

धोंडिबानं मान खाली घातली. भावजयीनं पदर ओढला, कानफाटी मेंढीची मान धरली आणि तिला म्हणाली, "बघ गं कानफाटे, शिकलेली मानसं बी कशी अस्त्यात. बाईच्या दुखन्याआड जाऊन लपत्यात. तुजा नर तरी बरा, शिंगं तरी म्होरं करतोय."

मग तिनं मेंढी सोडली. माझ्याकडं वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. "भावजी, कोकरं माझी मेली, ती गेली. दुसरी झाली. पर ह्या अक्काला म्या वरीसभर टोचून बोलले, मेंढरांच्या नावानं बोलले. त्ये आता कसं माघारी घिऊ? सांगा की. तुमी लई औषधं दिलीत न्हवं जनावरांला? ह्याला काय औषध हाय?"

ती ओट्याकडं गेली, विजूच्या आईचा हात धरला. "अक्का, उठा."

"नगं गं. आता सवय मोडली."

"उठा म्हनते न्हवं! ही भोरी मला ऐकत न्हाय."

विजूची आई उठली. ऑपरेशनच्या बाजूच्या हातानं वजन उचलायचं नाही, म्हणून दुसऱ्या हातानं एक कोकरू छातीशी घेतलं. पूर्वी मान वर करायची नाही. आता उभी राहिली, बघत राहिली, किती तरी वेळ. ह्या वर्षीची कोकरं तिला नवी होती. तिनं ते एका मेंढीखाली लावलं. मेंढीनं हुंगलं आणि लाथ मारली. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला. जन्मात पहिल्यांदा वेळेवर गिळला असेल.

"न्हाय व्हय तुजं?" ती मेंढीला म्हणाली. "बरं. मग सांगायचं तोंडानं, लाथ कशाला मारतीस!" आणि दुसरीकडं लावलं. तिथं कोकराची शेपटी हलायला लागली.

त्या संध्याकाळी तिच्या तीन चुका झाल्या. मी मोजल्या, पण कुठंही लिहिल्या नाहीत.

दुरुस्ती

पुढच्या तपासणीला मी वही नेली. ती नोंद खोटी असल्याचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी फाइल उघडली, ती ओळ शोधून त्यावर रेघ मारली. मग तिला म्हणाल्या, "आजी, म्हणजे तुम्ही ताप बरोबर वाचला होता."

"व्हय," ती म्हणाली. "आता ठावं झालंय मला."

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना माझ्याकडून एवढंच घेण्यासारखं आहे. तुमची बाई विसरेल. खरंच विसरेल, तो आजाराचा आणि औषधाचा भाग आहे. पण ती जे जे विसरली असं तुम्ही म्हणता, ते सगळं ती विसरलेली नसेल. तिच्या विसरण्याआड स्वतःच्या चुका ठेवणं फार सोपं असतं. कुणी तपासत नाही. तीसुद्धा नाही. आणि तिचा स्वतःवरचा भरवसा गेला, की एक दिवस थर्मामीटरवरचा आकडासुद्धा ती खरा मानणार नाही. वही ठेवा. शेवटचा रकाना ठेवू नका.

तिनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मला वाटत नाही.

ही पानं लिहून झाल्यावर काल तिला वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "सगळं बराबर लिव्हलंय. पर ह्ये 'विजूची आई, विजूची आई' काय चाललंय?"

मी म्हणालो, "नाव कसं लिहू? छापून वाटणार आहेत."

"का? त्या दिशी घेतलं न्हवं का माझं नाव, धा लोकांत? दोस लावताना तोंडात आलं, मंग आता का आडलं? लिव्हा."

तर लिहितो. माझ्या बायकोचं नाव सारजाबाई. सारजाबाई विसरली नव्हती.